मगे पाडलंस कित्या?

काल दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

फणसाच्या लाकडाचा एक बाऊल लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कोरायच्या यंत्रावर, उतरवला होता. फणसाचं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं असतं, त्यावर काठाखाली बोटभर रुंदीची खाच पाडून त्यात फिरोजा या निळ्या दगडाचा चुरा आणि रेझिन (ओतल्यावर कडक होणारं चिकट द्रव) भरायचं, पिवळ्यावर निळा पट्टा, असा बेत. बेत सोपा आहे, फक्त करताना माणूस म्हातारा होतो. आधी पैसे वाचवायला अंगणातला जांभा कुटून भरला, रेझिन पडल्यावर तो कॉफीच्या गाळासारखा दिसायला लागला. मग किनाऱ्यावरची वाळू भरली, वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर 7, पटाशीची धार दोन मिनिटांत खलास. फिरोजा 5 ते 6, जरा सबुरीने घेतला तर कापला जातो, म्हणून शेवटी तोच मागवला आणि आईच्या खलबत्त्यात कुटला. (त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, एवढंच सांगतो की चटणी अजून पाट्यावरच वाटतात.)

त्यात आमचा पावसाळा. रेझिन दोन भाग, ते कडक करणारा हार्डनर एक भाग, सगळं मापून घातलं तरी हार्डनर दमट हवेतलं पाणी ओढून घेतो आणि सकाळी बघावं तर वर मेणचट चिकट थर. साबणाच्या पाण्याने धू, पुसून वाळव, पुन्हा भर. बुडबुडे काढायला हीट गन लावली की लाईट जाते, ती नेमकी तेव्हाच कशी जाते हे मला कोणीतरी सांगावं. पूर्ण कडक व्हायला 72 तास धरा. मग परत लेथवर, मग 400 नंबरपर्यंत पॉलिश पेपर. तेल लावायचं तेवढं बाकी होतं.

आणि शेजारचे तात्या शिडी परत द्यायला आले.

बायकोने सोलकढीचा पेला हातात दिला. तात्यांनी बाऊल उचलला, बोटाने टिचकी मारली, कानाला लावला, चष्मा कपाळावर घेतला.

"काय रे झिला, फुटला मां शेवटी?"

"तात्यानू, फुटाक नाय. मीच मुद्दाम खाच मारलंय."

"मुद्दाम?"

"होय."

"आणि मगे एमसीलान भरलंस?"

"एमसील नाय हो, फिरोजा. दगड आसा तो."

तात्या बराच वेळ गप्प. माझी आशा वाढली.

"भरूचाच होता तर मगे पाडलंस कित्या?"

याला उत्तर नाही. सहा आठवडे मी स्वतःलाच हे विचारतोय. पण तात्या थांबले तर ते तात्या कसले. "गळता काय बघूया," म्हणाले आणि मी 'तात्यानू' मधला 'नू' उच्चारेपर्यंत पेल्यातली सोलकढी बाऊलमध्ये ओतली. तेल न लावलेलं कोरडं लाकूड! घटाघट प्यायलं. तात्यांनी बाऊल डोक्यावर धरला, बुडाखाली हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "गळणा नाय हां! एक नंबर!" आणि ती कढी बाऊलमधूनच प्यायले.

आता आतून गुलाबी ढग आलेत. कोकमाचा डाग, घासून जाईल असं म्हणतायत, गेलेला नाही. दगड आणि रेझिनला मात्र ढिम्म काही झालं नाही, पट्टा जसाच्या तसा निळा.

तात्यांचं सोडा, त्यांचा स्वभावच तो. पण मागे सावंतवाडीत स्टॉल लावला होता तेव्हा शहरातून आलेल्या एक बाई म्हणाल्या की क्रॅक गेलेला पीस आहे तर कमी करा ना. याच बाई घरी त्या रिव्हर टेबलवर, म्हणजे दोन फळ्यांच्या मध्ये बादलीभर निळं रेझिन ओतलेल्या टेबलवर, जेवत असतील आणि ते काही स्वस्तात घेतलं नसणार. तिथे ती नदी. माझ्याकडे क्रॅक. सावंतवाडीच्याच चितार आळीतली रंगीत लाकडी फळं बघून लोक वा वा करतात, करावीच, ती सुंदरच असतात, पण त्या केळ्याला कोणी विचारत नाही की बाबा तू कुठे फुटलास.

असो. आज सकाळी तात्या परत आले. काखेत त्यांच्या घरची काथवट, म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, मधोमध चांगली लांब चीर.

"ह्या जरा भरून दी. पण ती निळी खडी नको हां, भाकरेत दाताखाली येतली. एमसीलच मार."