रजेचा सातबारा

साहेबांनी दिवाळीनंतरची पाच दिवसांची रजा दिली. दिली म्हणजे अर्जावर 'मंजूर' असं लिहिलं आणि मान मात्र नकारार्थी हलवली. अलीकडचा रविवार, पलीकडचा चौथा शनिवार आणि त्याला चिकटून आलेला रविवार धरून आठ दिवस भरले. मध्य प्रदेशला जायचं हे एकमताने ठरलं. एकमत तिथेच संपलं.

आईला उज्जैन आणि ओंकारेश्वर हवं होतं, कारण एका राज्यात दोन ज्योतिर्लिंगं असताना एकच करून येणं म्हणजे शेजारच्या घरी हळदीकुंकवाला न जाण्यासारखं. बायकोला महेश्वर हवं होतं. तिने कारण अहिल्याबाईंचं सांगितलं, पण फोनवर बहिणीशी बोलताना काठ आणि पदर हे शब्द मला ऐकू आले. चिरंजीवांना इंदूरचा सराफा हवा होता, खायला. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात सांचीचं चित्र होतं. आणि अण्णांना हवं होतं ग्वाल्हेर.

अण्णा म्हणजे माझे वडील. निवृत्त तलाठी. हल्ली या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अण्णांनी या नावाची अजून नोंद घेतलेली नाही. कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड काही वर्षं त्यांच्या सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, होतं. हे शिंद्यांचं मूळ गाव. राणोजी शिंदे इथूनच निघाले आणि पुढे घराणं ग्वाल्हेरचं राजघराणं झालं. त्यामुळे ग्वाल्हेरबद्दल अण्णा असे बोलतात, की जणू राणोजींनी जाताना चावी त्यांच्याकडे ठेवली आहे.

वाटणीचं काम अर्थातच अण्णांकडे गेलं. फराळाचं ताट बाजूला सारून त्यांनी शंभर पानी वही उघडली, पट्टी घेतली आणि रकाने आखले.

"आठ दिवस म्हणजे आठ एकर," ते म्हणाले. "दिवसाचे चाळीस गुंठे. एकूण क्षेत्र ३२०."

"आजोबा, मग एक गुंठा म्हणजे किती?"

"छत्तीस मिनिटं."

चिरंजीवांनी मोबाइलवर हिशोब करून बघितला. बरोबर होता. तिथून पुढचे आठ दिवस आमच्या घरात कोणी तासात बोललं नाही.

"आता पोटखराबा काढू."

ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसतं दोन एकर. पण त्यात ओढा, खडक, रस्ता असा जो भाग पिकत नाही तो पोटखराबा. त्याचे वर्ग दोन, अ आणि ब. खडक-नाला वर्ग अ मध्ये आणि रस्ता वर्ग ब मध्ये. अण्णांनी झोप, आंघोळ आणि जेवण वर्ग अ मध्ये घातलं. प्रवास वर्ग ब मध्ये. सातारा ते पुणे, तिथून रात्रभराच्या बसने इंदूर, थांबण्यासकट तीस गुंठे. महेश्वरला जाऊन-येऊन दहा. ग्वाल्हेरहून रेल्वेने पुणे आणि पुढे घर, पन्नास. सहा माणसं आणि एक न्हाणीघर याची वजावट त्यांनी वेगळी धरली. तो अनुभव त्यांना सातारच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षांचा होता. बेरीज झाली. वजाबाकी झाली. ३२० गुंठ्यांत लागवडीखाली उरले चौऱ्याऐंशी.

घरात शांतता पसरली. आईने चकलीचा तुकडा मोडला, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग सरसनिरस मानाने, म्हणजे जमिनीची प्रत बघून, वाटप झालं. आई चोवीस, अण्णा चोवीस, बायको बारा, लेक दहा, चिरंजीव आठ. राहिलेले सहा माझे. मला कुठलंच शहर नको होतं. मला एका हॉटेलात पंखा लावून, पडदे ओढून नुसतं पडायचं होतं. अण्णांनी पिकाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार केला आणि लिहिलं, 'गायरान'.

इथवर सगळं कायदेशीर होतं. मग कऱ्हाडच्या आत्याचा फोन आला.

"एवढं जाताच आहात तर झाशी करून या की! ग्वाल्हेरपासून शंभर किलोमीटर. आणि झाशीला जाताच आहात तर ओरछा तिथंच आहे."

मराठी कुटुंबांच्या सहली महागाईने किंवा पावसाने बिघडत नाहीत. त्या 'एवढं जातोच आहोत तर' या वाक्याने बिघडतात. या वाक्याला अंत नाही. ओरछापर्यंत गेलं की खजुराहो दिसायला लागतं. चिरंजीवांनी ते नाव काढलंही, पण अण्णा चष्मा पुसत "ते राहू दे" म्हणाले आणि विषय निकाली निघाला. आत्याची झाशी अण्णांनी 'इतर हक्क' या रकान्यात घातली. तिने सांगितलेली महेश्वरी साडी मात्र बोजा म्हणून चढवावी लागली.

इंदूरला उतरलो तेव्हा खोली मिळायला दुपारचे बारा वाजणार होते. बॅगांवर बसून पोहे-जिलबी खाल्ली. आईने पोह्यातून एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. "बडीशेप!" ती म्हणाली. तिच्या आवाजात दुखवटा होता. पण ताटली रिकामी केली.

इंदूरचा राजवाडा सात मजली आणि होळकरांचा. चिरंजीवांनी त्याच्यापुढे उभं राहून 'राजवाड्यावर आहे' असं स्टेटस टाकलं. लगेच मित्राचं उत्तर आलं, 'थांब, पाच मिनिटांत आलो.' साताऱ्यात राजवाडा म्हणजे सिटी बसचा थांबा आणि त्याच्यापुढची चौपाटी. त्या पोराची काय चूक? रात्री सराफांची दुकानं बंद झाली आणि त्यांच्याच पायऱ्यांसमोर कढया चढल्या. भुट्ट्याचा कीस, तळलेला गराडू, ताटलीएवढी जिलबी. चिरंजीवांनी आठ गुंठ्यांत तीन पिकं घेतली आणि माझ्या गायरानातही चराई केली, कारण त्यांना परत आणायला एक वाजता मीच जागा होतो.

दुसऱ्या दिवशी आईने बांध कोरायला सुरुवात केली.

महाकालाचं दर्शन ठरल्याप्रमाणे झालं. पण मग शिप्रेवर जायचं ठरलं, आणि घाटावर तिला कोरेगावची बाई भेटली. आई आठशे किलोमीटर लांब जाऊन कोरेगावच्या बाईला भेटू शकते. घरापासून कोरेगाव वीस किलोमीटरवर आहे, तिथे ती जात नाही. दोघींनी मिळून हरसिद्धीला जायचं ठरवलं. तिथे देवळापुढे दोन उंच दीपमाळा आहेत. संध्याकाळी माणसं वर चढून एकेक दिवा लावायला लागली, तशी आई कठड्याला टेकली. "हे आपल्याकडचंच की गं," ती कोरेगावला म्हणाली. शेवटचा दिवा लागेपर्यंत तिला उठ म्हणायची अण्णांचीही छाती झाली नाही. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं आणि वहीत 'अतिक्रमण, साडेपाच गुंठे' असं बारीक अक्षरात लिहिलं.

ते साडेपाच निघाले बायकोच्या महेश्वरातून. ओंकारेश्वर उरकून आम्ही महेश्वरला पोहोचलो तेव्हा ऊन कललेलं. तिने नर्मदेकडे, घाटाकडे, किल्ल्याकडे एकदा सलग बघून घेतलं, आणि उरलेलं सगळं क्षेत्र एका दुकानात गुंतवलं. विणकर सांगत होता, की साडीच्या काठावरची नक्षी याच किल्ल्याच्या भिंतींवरून उचललेली आहे. "बघा!" बायको मला म्हणाली. "म्हणजे किल्ला बघितल्यासारखंच झालं." अण्णा तेवढ्यात अहिल्याबाईंच्या वाड्यात जाऊन आले. बाईंनी १७६७ ते १७९५ असा कारभार केला तो याच गावातून. वाडा साधा, लाकडी खांबांचा, ओसरीचा. आपल्याकडच्या एखाद्या वतनदाराचा वाटावा असा. "बाईंच्या नोंदी चोख असणार," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

गुरुवारी भोपाळवरून सांची करून संध्याकाळच्या गाडीने ग्वाल्हेर गाठायचं होतं. दोनशेच्या नोटेमागे सांचीचा स्तूप आहे. चिरंजीवांचं म्हणणं, नोट आहे ना घरी, मग जायचं कशाला? लेकीने त्याच्याच पाकिटातली नोट काढून घेतली आणि स्तुपासमोर धरली. नोटेतला घुमट आणि खरा घुमट नेमका जुळेना. दोन पावलं मागे, एक डावीकडे, हात वर, नोट वाऱ्याने वाकडी, पुन्हा पहिल्यापासून. दोन गुंठे गेले. परतताना रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण दिसली. गाडी थांबवावी लागली. लेक एक पाय उष्ण कटिबंधात आणि एक समशीतोष्ण कटिबंधात टाकून उभी राहिली. मग आई उभी राहिली. मग साडीची पिशवी घेऊन बायको. "आजोबा, हे कुठल्या खात्यात?" लेकीने विचारलं. अण्णांनी डोकं खाजवलं. रस्ता म्हणजे वर्ग ब.

संध्याकाळची गाडी चुकली, हे सांगायला नकोच.

याच भोपाळला १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावांनी निजामाला कोंडलं आणि महिन्याभरात, दोराह्याच्या तहात, माळवा लिहून घेतला. मी हे अण्णांना दिलासा म्हणून सांगितलं. "त्यांच्याबरोबर बायकापोरं नव्हती," अण्णा म्हणाले.

शुक्रवारी दुपारी उशिरा ग्वाल्हेर. चोवीसातले चार गुंठे शिल्लक. किल्ला रिक्षातून बघितला. तो डोंगरावर असल्यामुळे ते जमतं. मग जयविलास राजवाडा. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि ती टांगण्याआधी छत पेलतं का हे बघायला वर हत्ती चढवले होते, अशी तिथली कथा. जेवणाच्या टेबलावर रूळ घालून पाहुण्यांपुढे पेयं फिरवणारी चांदीची आगगाडी. चिरंजीव पहिल्यांदाच मोबाइल खिशात घालून उभे राहिले. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि म्हणाले, "मैं कण्हेरखेड का तलाठी था."

पहारेकऱ्याने त्यांना आपादमस्तक बघितलं.

"अच्छा," तो आदराने म्हणाला. "टिकट दिखाइए."

अण्णांनी तिकीट दाखवलं, घडी करून वहीत ठेवलं, आणि घंटा होईपर्यंत एका दालनात जुन्या कागदांपुढे उभे राहिले.

परतीच्या गाडीत मला वरचा बर्थ मिळाला. वर पंखा होता, दिवा विझवता येत होता, आणि चोवीस तासांत कोणाला माझं काहीही काम नव्हतं. मी झोपलो. झाशी येऊन गेली, भोपाळ पुन्हा येऊन गेलं. उठवलं फक्त जेवायला. नंतर वहीत बघितलं तर माझ्या नावापुढे होतं, 'एक एकर, पोटखराबा.'

तुळशीच्या लग्नाला आत्या आली. साडी आवडली. "आणि झाशी?"

"केली की," आई म्हणाली. "चहा चांगला होता."

"फलाटावरचा," अण्णांनी दुरुस्ती केली.

आत्याने ते मनावर घेतलं नाही. "मग पुढच्या वर्षी काशी करू. मी पण येते. आणि एवढं जातोच आहोत तर प्रयाग, अयोध्या..."

अण्णांनी शांतपणे पट्टी घेतली. मी तिथल्या तिथे तोंडी हरकत नोंदवली. गायरानाला हरकतीचा अधिकार नसतो, असं सांगून त्यांनी सातवा रकाना आखला.