सहा तारा आहेत म्हणून काहीही लिहायचं?

"स्ट्रिंग क्वार्टेटसोबत गिटार लिहिणं सोपं आहे. पियानोच्या डाव्या हाताचा भाग उचला, गिटारला द्या. सहा तारा आहेत, म्हणजे सहा सुरांपर्यंतची कुठलीही कॉर्ड वाजते. संगणकावर नीट ऐकू आलं की वाजवता येतंच. आवाज कमी पडला तर माइक, स्केल अवघड असली तर कॅपो." हा मजकूर सगळीकडे फिरतोय. (स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो; कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूर; कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकाच जागी दाबून धरणारा चिमटा.) परवा भाचीनं तो मला पाठवला, खाली ‘मामा, माझं काम वाचलं!’ ती संगीतरचना शिकते, आणि तिनं लिहिलेलं वाजवायला खराखुरा गिटारवादक बसणार आहे. त्या बिचाऱ्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा सहा तारांचा. एका तारेवर एका वेळी एकच सूर वाजतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. साधी एफ मेजर घ्या. पियानोवर मधल्या सीच्या खालचा एफ, मग ए, मग तो सी. नवशिकं पोरही वाजवेल. आता हे सूर गिटारच्या ओळीत जसेच्या तसे उतरवा. गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहायची पद्धत आहे, त्यामुळे कॉर्ड सप्तकभर खाली येते. तिथला एफ मिळतो फक्त सहाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी पट्टी). ए साठी पाचवी तार मोकळी, म्हणजे न दाबता. आणि सी? तो एकतर पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, नाहीतर सहाव्याच्या आठव्या. दोन्ही तारा आधीच गुंतलेल्या, आणि चौथी तार मोकळी वाजवली तरी डी, म्हणजे सीच्या वर. सी ला तारच उरली नाही. तेच एक पायरी वर जी-बी-डी लिहा, मोकळी चौथी तार हजर, कॉर्ड आरामात वाजते! कागदावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एफ मेजर हवीच असेल तर एफ-सी-एफ-ए अशी पसरून लिहा, वादक पहिल्या फ्रेटवर बार धरून, म्हणजे एकाच बोटानं तारा आडव्या दाबून, वाजवेल.

उजव्या हाताचंही तेच. करंगळी सहसा वापरत नाहीत. अंगठा आणि तीन बोटं, म्हणजे एका क्षणी छेडले जाणारे सूर चार. पाच-सहा हवे असतील तर स्ट्रम करा, म्हणजे तारांवरून एकदम हात फिरवा, पण मग तारा शेजारशेजारच्या हव्यात.

फ्रेंच संगीतकार बर्लिओझनं १८४० च्या दशकातल्या वाद्यलेखनावरच्या ग्रंथात म्हणून ठेवलंय की स्वतः गिटार न वाजवणाऱ्याला तिच्यासाठी चांगलं लिहिणं जवळजवळ अशक्य आहे. हा माणूस स्वतः गिटार वाजवायचा, उगाच बोलत नव्हता.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. पियानोवरून गिटारवर येता येतं. संगीतकार बोकेरिनीनं १७९८ च्या आसपास स्वतःचीच पियानो क्विंटेट्स (पाच वाद्यांच्या रचना) गिटारसाठी फिरवली. पण गिटारचा भाग वादकाच्या हाताला बसेल असा करून. आणि बर्लिओझचंही जरा अतीच आहे. संगीतकार कास्तेलनुओवो-तेदेस्को गिटारवादक नव्हता, तरी त्यानं १९५० साली प्रसिद्ध गिटारवादक सेगोव्हियासाठी गिटार आणि स्ट्रिंग क्वार्टेटचं क्विंटेट लिहिलं, आणि ते आजही वाजवलं जातं.

संगणकाबद्दल काय बोलायचं? त्याला बोटं नाहीत. प्रत्येक सुराखाली तारेचा आणि फ्रेटचा आकडा लिहा. एकाच वेळच्या दोन सुरांना एकच तार आली, तर ते खोडा.

माइकनं आवाज वाढतो, मान्य. पण छेडलेला सूर लगेच विरायला लागतो, गजाचा सूर मात्र हवा तेवढा ताणता येतो. व्हिओला आणि चेलो गिटारच्याच सप्तकात लांब सूर धरून बसले, तर माइक लावूनही गिटारचा नुसता टणत्कार कळतो, पुढचं सगळं बुडतं. त्यांना पिझिकाटो (गजाऐवजी बोटानं छेडणं) द्या, आवाज दबवणारा म्यूट लावा, थोडं वर न्या, किंवा सरळ गप्प बसवा.

राहता राहिला कॅपो. ई फ्लॅट मेजरला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून डी मेजरचे बोटांचे आकार धरता येतात, हे खरं. पण सगळ्यात खालचा ई त्यात जातो, आणि मधेच स्केल बदलली की कॅपो तिथंच अडकतो. त्यापेक्षा मुळातच डी, ए किंवा जी घ्यावी. गिटारच्या मोकळ्या तारा त्यात कामी येतात, व्हायोलिनच्याही. बोकेरिनीचं ते फॅन्डँगोवालं (फॅन्डँगो हा स्पॅनिश नाच) क्विंटेट डी मेजरमध्येच आहे.