"मिनियन आहे तो, नाव कशाला विचारतेस?"

आजच्या सेशनमध्ये आमच्यातल्या एकीने तुरुंगाच्या पहारेकऱ्याला गाठून विचारलं, "तुझं नाव काय रे? घरी कोण असतं?" डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मानही वर केली नाही. "अगं, मिनियन आहे तो. नाव कशाला विचारतेस?" सगळे हसले. मला नाही हसू आलं. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक लिहितेय. आरपीजी (पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचे गोष्टींचे खेळ) न खेळणाऱ्यांनी खुशाल पुढे जावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या आरपीजीची चौथी आवृत्ती २००८ साली आली, तिच्यात हा मिनियनचा नियम होता. मिनियन म्हणजे किरकोळ शत्रू. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, १. वार लागला की खलास, किती लागला ते मोजायचंच नाही. चार मिनियन मिळून एका साध्या शत्रूच्या तोडीचे. हीरोंनी झुंडीत घुसायचं आणि दणादण आडवे पाडत सुटायचं. मजा येते, नाही कोण म्हणतंय? वीस-वीस गॉब्लिनांचे (बुटक्या राक्षसांचे) आकडे खोडत बसण्यातून डीएम सुटतो, हेही मान्य.

पण मग बंड्याचं काय?

बंड्या हा आमच्या जुन्या कॅम्पेनमधला (अनेक सेशन चाललेल्या गोष्टीतला) ओग्रे, म्हणजे धिप्पाड राक्षस, आणि नियमाने मिनियन. पूल राखणाऱ्या टोळीतला शेवटचा उरलेला. त्याने सोटा खाली टाकला, आम्ही त्याला सोडलं, आमच्या क्लेरिकने (पुजाऱ्याच्या पात्राने) नाव ठेवलं बंड्या. पुढे तो आमच्याबरोबरच फिरायला लागला. सामान वाहायचा, आमच्या रोगला (चोराच्या पात्राला) खांद्यावर बसवून नदी पार करायचा. डीएम त्याच्यासाठी खास घोगरा आवाज काढायचा आणि आम्ही मुद्दाम त्याला प्रश्न विचारत बसायचो, केवळ तो आवाज ऐकायला. एकदा डोंगर चढताना कुणाच्या तरी पायाखालचा दगड सुटला आणि घरंगळत येऊन बंड्याच्या नडगीवर बसला. फासा पडला. एक डॅमेज, म्हणजे एक हिट पॉइंट वजा. डीएमने पुस्तकात बघितलं आणि म्हणाला, "बंड्या गेला."

नऊ फुटी ओग्रे. नडगीला दगड लागून!

त्याच पुस्तकात आठव्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे ताकदीची पायरी) एक ओग्रे १११ हिट पॉइंट घेऊन उभा आहे. अकराव्या लेव्हलचा मिनियन ओग्रे बघा: १. म्हणजे लेव्हल चढली की तब्येत ढासळते. त्यावर कडी अशी की वार चुकला तर मिनियनला काहीच होत नाही. फायरबॉलचा (आगीच्या गोळ्याच्या मंत्राचा) नेम चुकला तरी बाकीच्यांना अर्धं डॅमेज बसतं. म्हणजे त्याच आगीत १११वाला भाजून निघतो आणि त्याच्या शेजारचा १वाला ठणठणीत! हे वाचून ज्यांना काहीच खटकत नाही त्यांच्याशी माझं पटणं कठीण आहे.

हो, याचं उत्तर मला माहीत आहे. हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, त्यात कौशल्य आलं, नशीब आलं, हे या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या डीएम गाइडमध्येच लिहून ठेवलंय. मिनियन हा काही वेगळा प्राणी नाही, ताकदवान हीरोंसमोर तोच ओग्रे किरकोळ ठरतो, एवढंच. ठीक. पटलं. पण मग तो आकडा ओग्रेचा नाहीच, आमच्या आणि त्याच्या सामन्याचा आहे. बंड्या आमच्या बाजूला आला तेव्हा तो सामना संपला होता ना? आणि त्या दगडाची लेव्हल काय होती?

माझा राग नेमका इथे आहे. जग आपल्या आधीही होतं आणि आपण गेल्यावरही चालू राहणार आहे, असं वाटलं तरच त्यात काही करण्यात अर्थ. पहारेकऱ्याला लाच द्यावी, पळवून लावावं, फितवावं, हे सगळं त्या भरवशावर सुचतं. तो फक्त आमच्या तलवारीखाली येण्यापुरताच अस्तित्वात असेल तर कोण कशाला डोकं चालवेल? मिनियनचं डॅमेज ठरलेलं असायचं, त्यासाठी फासा लागत नसे. त्यामुळे एखाद्याने आम्हाला मारलं आणि डीएमचा हात डॅमेजच्या फाशांकडे गेला नाही, की टेबलावरच्या सगळ्यांना कळायचं हा कोण ते. मग वेषांतर केलेला सरदार त्यांच्यात कसला लपतोय! माणसं दिसायचीच बंद झाली होती, नुसते आकडे दिसायचे.

विसंगती काही मिनियनपासून सुरू झाली नाही, हेही बोलून टाकते. तिसऱ्या आवृत्तीत घरातली मांजर साध्या गावकऱ्याला लोळवू शकते, हा जुना विनोद आहे आणि हिशेब केला तर खरा निघतो.

पण झुंड झटपट आडवी करायला शत्रूला पोकळ करावं लागत नाही! १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये फायटरला (लढवय्याला), एका हिट डायपेक्षा (हिट पॉइंट ठरवायच्या फाशापेक्षा) कमी असलेल्या शत्रूंवर, जितकी लेव्हल तितके वार मिळायचे. किती सुंदर आहे हे! गॉब्लिन तुमच्यासाठी गॉब्लिन, गावकऱ्यासाठीही तोच गॉब्लिन. थोर झाला तो फायटर. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही गॉब्लिनचे ७ हिट पॉइंट ७च राहतात, फायरबॉलचं सरासरी डॅमेज २८, मग गॉब्लिन मेला तर मेला, कुणी का म्हणून विचारत नाही. (आकडे खोडायचं काम डीएमच्या गळ्यात परत येतं. बरं.) आणि सॅव्हेज वर्ल्ड्स हा दुसरा आरपीजी! तिथे एक्स्ट्रा (किरकोळ पात्र) एका जखमेत बाद होतो, पण त्याचा टफनेस (चिवटपणाचा आकडा) शाबूत असतो, आधी तो ओलांडावा लागतो. बाद म्हणजे मेलाच असंही नाही. आपल्या बाजूचा एक्स्ट्रा पडला तर लढाईनंतर व्हिगरचा (दमखमाचा) फासा टाकून तो जगला का ते बघतात. तिथे बंड्या नडगी चोळत, शिव्या घालत चालत राहिला असता.

आमचा आजचा डीएम काही वाईट नाही. दिवसभर कामाला जुंपलेला असतो, रात्री जागून नकाशे काढतो, आणि आम्ही त्याचे नकाशे सोडून भलतीकडेच जातो. ऐन वेळी पहारेकऱ्याच्या बायकापोरांची नावं तो कुठून आणणार? माझं मागणं एवढंच आहे की लढाई संपली की मिनियनपण संपलं असं धरा. जिवंत हाती लागला, बाजू बदलली, त्याच्याशी कुणी दोन वाक्यं बोललं, की त्याच्या जातीच्या साध्या शत्रूचे हिट पॉइंट त्याला द्या. एका ओळीचा घरचा नियम आहे.

आता कमेंटमध्ये कोणीतरी येणारच: "ड्रॅगन चालतात, मग हे का चालत नाही?" अहो, ड्रॅगन चालतो कारण तो रोज ड्रॅगनच असतो! सोमवारी आग ओकणारा आणि मंगळवारी पायरीवर ठेचकाळून मेलेला ड्रॅगन तुम्ही चालवून घ्याल का? घेत असाल तर प्रश्नच मिटला.

बाकी कुणी सॅव्हेज वर्ल्ड्स चालवत असेल तर मला टॅग करा. आमच्या ग्रुपमधून अजून दोघीजणी यायला तयार आहेत.