‘एमआरआय स्वच्छ आला, आता ऑपरेशन कशाला?’ या मेसेजला उत्तर

गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज खूप फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रेडिएशन आणि केमो संपली की लगेच एमआरआय करा. गाठ दिसली नाही तर कॅन्सर गेला, ऑपरेशनला नकार द्या. दिसली तर उपचार फुकट गेले. पक्की खात्री हवी तर पेट स्कॅन करा. आणि बायोप्सी निगेटिव्ह आली की पुन्हा तपासणी नको.

हे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम आहे. पोटावर कायमची पिशवी लागेल या भीतीने माणसं या मेसेजला धरून बसतात, आणि ती भीती मला समजते. शिवाय मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या सर्जन अँजेलिता हाबर-गामा यांनी २००४ साली दाखवून दिलं की केमो-रेडिएशनने गाठ पूर्ण विरघळलेल्या निवडक पेशंटना ऑपरेशनविना, कडक देखरेखीखाली ठेवता येतं. आज जगभर हा मार्ग वापरला जातो. मेसेजमध्ये ‘ऑपरेशनविना’ तेवढं राहिलं. ‘निवडक’ आणि ‘देखरेख’ गळून पडलं.

‘एमआरआयमध्ये दिसत नाही म्हणजे नाही.’ इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच आहे. एमआरआयच्या टी-२ नावाच्या मुख्य चित्रात जिवंत गाठ करडी दिसते. उपचारानंतर तिच्या जागी तंतुमय वण तयार होतो, तो काळा दिसतो. करडं जाऊन काळं आलं की आम्हालाही आनंद होतो. पण त्या काळ्या वणात कॅन्सरच्या पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असू शकतात आणि ते या चित्रात दिसत नाहीत. उलट रेडिएशनने सुजलेली आतड्याची भिंत गाठीसारखी जाड दिसून फसवते. काही गाठींत चिकट श्लेष्मा असतो. उपचारानंतर त्याचं पांढरंशुभ्र तळं मागे राहतं, आणि त्यात जिवंत पेशी आहेत की नुसता श्लेष्मा, हे एमआरआयवरून सांगता येत नाही.

म्हणून सोबत डिफ्युजनचं चित्र काढतात. पेशी दाटीवाटीने असतील तिथे पाण्याच्या रेणूंना हालायला जागा नसते, आणि ती जागा चमकते. पण गुदाशयात थोडा वायू अडकला तरी हे चित्र वेडंवाकडं होतं. नसलेली गाठ चमकते, असलेली झाकली जाते. बऱ्याच ठिकाणी स्कॅनआधी छोटा एनिमा देतात तो याचसाठी. पेशंटनी त्याला नाही म्हणू नये. उपचाराआधीची सीडीही हवीच. गाठ मुळात कुठे, किती खोल होती हे समोर नसेल तर वण नेमका कुठे शोधायचा? जुन्या स्कॅनशिवाय दिलेल्या रिपोर्टवर माझा स्वतःचाच भरवसा नसतो. मी ‘गाठ नाही’ असं लिहीत नाही, ‘गाठ दिसत नाही’ असं लिहितो. या दोन वाक्यांतला फरक मला नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

मग ठरवायचं कसं? तीन साक्षी जुळवून: सर्जनचं बोट, दुर्बिणीची तपासणी आणि डिफ्युजनसह एमआरआय. बोटाला भिंत मऊ, गुळगुळीत लागावी. दुर्बिणीत सपाट पांढरट वण दिसावा, फार तर त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या एका अभ्यासात या तिन्ही तपासण्यांनी ‘गेली’ म्हटलं तेव्हा गाठ खरोखर गेलेली असण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. एकटा एमआरआय एवढी हमी देऊ शकत नाही.

‘लगेच स्कॅन करा.’ नका करू. रेडिएशन थांबलं तरी त्याचा परिणाम पुढे कित्येक आठवडे चालू राहतो. फ्रान्समध्ये लियॉनला झालेल्या चाचणीत काही पेशंटचं ऑपरेशन २ आठवड्यांनी केलं, काहींचं ६ ते ८ आठवड्यांनी. जास्त थांबलेल्यांची गाठ जास्त आटली होती. घाईच्या स्कॅनमध्ये मुख्यतः सूज दिसते, आणि त्यावरून पेशंट आशा सोडतो. प्रतिसाद जवळजवळ पूर्ण वाटत असेल तर आणखी काही आठवडे थांबून पुन्हा बघणं हीसुद्धा मान्य पद्धत आहे.

पेट स्कॅनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. या स्कॅनसाठी टोचलेली किरणोत्सर्गी साखर जिवंत कॅन्सर शोषतो, तशी रेडिएशनने सुजलेली भिंतही शोषते. श्लेष्माच्या गाठी ती कमीच शोषतात आणि काही मिलिमीटरचे पुंजके सुटून जातात. शरीरात इतरत्र काही शंका असेल तर पेट उपयोगी पडतो. ‘ऑपरेशन टाळायचं का’ याचा निकाल त्यावर लावू नये.

बायोप्सीचा चिमटा पृष्ठभागाचा तुकडा काढतो. उरलेल्या पेशी बहुतेकदा वरच्या भरून आलेल्या अस्तराखाली, भिंतीच्या खोल थरांत असतात. त्यामुळे पॉझिटिव्ह बायोप्सीला अर्थ आहे, निगेटिव्हने सुटका होत नाही.

‘गाठ दिसली म्हणजे उपचार फुकट.’ हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण याने माणूस खचतो. गुदाशयाभोवती चरबीचं आवरण असतं आणि त्या चरबीला एक पातळ पडदा. सर्जन त्या पडद्याला धरून सगळं अखंड काढतो. उपचाराआधी पडद्याला टेकलेली गाठ उपचारानंतर १ मिलिमीटरहून जास्त मागे सरकली असेल, तर कडेला कॅन्सर न ठेवता ती काढता येण्याची शक्यता खूप वाढते. गुदद्वाराच्या स्नायूपासून ती लांब गेली तर कायमची पिशवीही टळू शकते. हे अंतर एमआरआयवर मोजता येतं, आणि या कामात एमआरआयचा हात धरणारी दुसरी तपासणी नाही. शिवाय त्याच डच अभ्यासात तिन्ही तपासण्यांनी ‘गाठ उरली आहे’ म्हटलेल्यांपैकीही सुमारे १५ टक्क्यांत ती उरलेली नव्हती.

‘पुन्हा तपासणी नको’ हे वाक्य मात्र थेट जिवावर बेतणारं आहे. ऑपरेशनविना देखरेखीखाली ठेवलेल्या ८८० पेशंटची आंतरराष्ट्रीय नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे २५ टक्के लोकांत २ वर्षांत गाठ त्याच जागी पुन्हा उगवली. उगवलेल्यांपैकी ८८ टक्के पहिल्या २ वर्षांतच सापडल्या आणि ९७ टक्के आतड्याच्या भिंतीत होत्या, म्हणजे बोटाला आणि दुर्बिणीला सापडतील अशा जागी. म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षं दर ३-४ महिन्यांनी बोटाची तपासणी, दुर्बीण आणि रक्तातली सीईए (या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची तपासणी), आणि दर ३ ते ६ महिन्यांनी एमआरआय. एवढं जमणार नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यावर ऑपरेशनचा सल्ला बदलतो.