शिडी सापडत नाही

आमच्या विभागाच्या बैठकीत ‘फुकट’ हा शब्द उच्चारायचा नसतो. जो उच्चारतो, काम त्याच्याच गळ्यात पडतं. हे मला पक्कं माहीत होतं, तरी बोलून गेले.

झालं असं, की डीएनएच्या मशीनसोबत आलेलं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरला बांधलेलं होतं, तो कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात छत गळून वारला. परवानाही त्याच्याबरोबरच गेला. नव्या परवान्याची किंमत ऐकून सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आकडा तोच आहे ना ते पाहिलं. तोच होता.

“सर, एक फुकटही मिळतं,” मी म्हणाले.

“व्वा! मग तुम्हीच टाका ना, मॅडम. तुमचं कॉम्प्युटरचं चांगलंय.”

माझं कॉम्प्युटरचं चांगलं असल्याचा एकमेव पुरावा म्हणजे मागच्या वर्षी मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला होता. त्यातून मी तासिका तत्त्वावर. वर्गात उभं राहून बोललं तर त्या तासाचे पैसे, कॉम्प्युटरसमोर बसून डोकं धरलं तर तो तास धरत नाहीत. आणि अकाउंटचे भाऊसाहेब बैठकीतून उठता उठता म्हणाले, “फुकट असलं तरी तीन कोटेशनं लागतील बरं का. सगळ्यात स्वस्त कोण, ते कळणार कसं?”

सॉफ्टवेअरचं नाव ओसायरिस. अमेरिकन सरकारच्या एनसीबीआय या संस्थेने केलेलं. कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही वापरावं. नाव म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांची जुळवाजुळव आहे, पण मूळचा ओसायरिस हा इजिप्तचा देव. सख्ख्या भावाने त्याचे तुकडे करून देशभर फेकले आणि बायकोने एकेक गोळा करून पुन्हा जुळवले. तुकडे चौदा होते म्हणतात. डीएनएच्या तुकड्यांच्या कामाला याहून चपखल नाव सापडलं नसतं. फक्त तुकडे गोळा करायचं काम शेवटी बाईवरच येतं, हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

रात्री जेवताना आईने विचारलं, “नेमकं काय करतं ते?”

आमच्या घरात वारी आहे, म्हणून तिला त्याच भाषेत सांगितलं. आपल्या डीएनएमध्ये काही ठरावीक जागा असतात, तिथे चार अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. समज, पांडुरंग पांडुरंग पांडुरंग. कुणाच्यात सहा वेळा, कुणाच्यात नऊ वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. आमच्या किटमध्ये, म्हणजे तपासणीच्या रसायनांच्या संचात, अशा १५ जागा आहेत, शिवाय बाई की पुरुष ते सांगणारी सोळावी. या सगळ्या आकड्यांची यादी म्हणजे माणसाचं प्रोफाइल.

“आणि कुणी म्हणताना चुकला तर?” आई म्हणाली.

मी पोळीचा घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. कारण टीएच-०१ नावाच्या जागेवर अगदी हेच होतं. पुष्कळ लोकांच्यात तिथे दहा वेळा पांडुरंग असतो, पण सातव्या वेळी पहिलं अक्षर गिळलेलं असतं, नुसतंच ‘डुरंग’. त्याला दहा म्हणत नाहीत, ९.३ म्हणतात. नऊ पूर्ण आणि तीन अक्षरं सुटी. सॉफ्टवेअरने १० आणि ९.३ यांतला हा एका अक्षराचा फरक ओळखायचा असतो.

“म्हणजे वीणेकऱ्यासारखं,” आई म्हणाली. “मागचा एक टाळकरी चुकला तरी त्याला कळतं.”

तर हा वीणेकरी मला आमच्या प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर उभा करायचा होता. त्या कॉम्प्युटरच्या कपाळावर गेल्या दसऱ्याचं हळदीकुंकू अजून आहे. खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो. सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ घालतो, आणि मग पुढचे आठ दिवस ‘बाहेरचं काहीही आत येता कामा नये’ असं विद्यार्थ्यांना शिकवत टेबलावरच्या पाकळ्या वेचतो.

फाइल उतरवली. दोनदा टिचकी मारली. कॉम्प्युटरने ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो ठेवणारे गृहस्थ निवृत्त होऊन मुलाकडे गेलेले. मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात टेबल पुसणारे मामा म्हणाले, “पासवर्ड व्हय? तो रजिस्टरात हाय की.”

मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. त्यांनी कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली (डीएनएच्या प्रयोगशाळेत! पण पासवर्ड मिळेपर्यंत मी काही बोलले नाही) आणि ‘संगणक, १ नग’ या नोंदीवर बोट ठेवलं. शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात निळ्या शाईत पासवर्ड. तो इथे देत नाही, पण त्यात एका देवाचं नाव आणि १२३ आहे एवढं सांगते.

सॉफ्टवेअर बसलं. मी फेब्रुवारीतल्या नमुन्यांचा फोल्डर दाखवला, किट निवडलं, बटण दाबलं. हिरवी पट्टी दिमाखात सरकली आणि थांबली. शिडी सापडत नाही.

आता शिडी म्हणजे काय, तर आमची मोजपट्टी. त्या त्या जागेवर लोकांमध्ये सहसा सापडणारे सगळे आकडे एकाच नळीत ओळीने घातलेले असतात, पायरीवर पायरी. ती नळी नमुन्यांबरोबरच मशीनमधून पळवायची. मग पडद्यावरच्या आलेखात नमुन्याचं शिखर शिडीच्या ज्या पायरीसमोर येईल तो त्याचा आकडा. शिडी नसेल तर पडद्यावर नुसते रंगीत डोंगर. निळे, हिरवे, काळे, तांबडे. यातला काळा खरं तर पिवळा असतो, पांढऱ्या पडद्यावर दिसत नाही म्हणून काळा दाखवतात. लग्नाच्या बाजारात काळ्याला गव्हाळ म्हणतात, आमच्याकडे पिवळ्याला काळा.

शिडी तर पळवली होती. डोंगर डोळ्यांना दिसत होते, पायऱ्या मोजता येत होत्या. मी फोल्डर बदलून पाहिला, पुन्हा बसवून पाहिलं, कॉलेजच्या संगणक विभागातल्या मुलाला बोलावून आणलं. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि चहा पिऊन गेला. शेवटी साडेपाच वाजता मी फाइलींची यादी वरपासून वाचायला घेतली.

ओसायरिस शिडी ओळखतो ती नावावरून. नावात ‘लॅडर’ दिसलं की ती शिडी. आणि आमच्या फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं: एस-एच-आय-डी-आय.

ते नमुने पळवणाऱ्या एमएस्सीच्या मुलीला मी फोन लावला.

“मॅडम, त्या दिवशी २७ फेब्रुवारी होता ना,” ती म्हणाली. “मराठी भाषा गौरव दिन. तुम्हीच म्हणालात, आज शक्य तिथे मराठी वापरा.”

बोलले होते खरी. मी फाइलचं नाव बदलू शकले असते, पण मलाही जरा चेव आला. सेटिंगमध्ये गेले आणि शिडीच्या ओळखीच्या शब्दांत ‘शिडी’ टाकून दिला. अभिजात दर्जानंतर मराठीचं पाऊल एवढं पुढे पडल्याचं कुणाला कळलंही नाही.

पुन्हा बटण. या वेळी शिडी सापडली आणि सगळे नमुने नापास झाले. एकूणएक, शिडीसकट. ही चूक मात्र निखळ माझी. प्रत्येक नळीत नारिंगी रंगाचे ठरलेल्या लांबीचे तुकडे टाकतात, मैलाच्या दगडांसारखे. त्याचे दोन प्रकार आम्ही वापरतो. एकात ५०० अक्षरांपर्यंतचे १६ तुकडे, दुसऱ्यात ६०० पर्यंतचे ३६. नळीत होते पहिले, मी यादीतून निवडले दुसरे. बिचारा ओसायरिस प्रत्येक नळीत ३६ दगड शोधत होता आणि १६ मोजून परत येत होता. सोळा पानांची पंगत मांडून वाढप्याला छत्तीस पानं वाढ म्हणून सांगितल्यासारखं. त्यातही त्या सोळांमधला २५० चा तुकडा आपल्या जागेवर कधी नीट उभा राहत नाही. तो जरा आधीच येऊन थांबतो, आणि जगभर त्याला मोजणीतून सोडून देतात. प्रत्येक घरात असा एक असतोच.

तिसऱ्या दिवशी सगळं हिरवं झालं. मी शिडीकडे डोळे भरून पाहत होते, तेवढ्यात खाली लाल रेघ दिसली. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये डीएनए सापडला आहे.

हे वाचून आमच्या पेशातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे डीएनएच न घातलेली नळी. त्यात सगळी रसायनं असतात, माणूस नसतो. तिथे शिखर उठलं म्हणजे कुणीतरी शिंकलं, कुणाचा तरी हात लागला, रसायन बाटलं. आणि इथे एखादं चुकार शिखर नव्हतं, पंधराच्या पंधरा जागा भरलेल्या, पूर्ण प्रोफाइल. सोळाव्या जागेवर एक्सही आणि वायही.

वाय म्हटल्यावर संशयाची सुई फिरली. आमच्या तुकडीत सगळ्या मुली. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत पाऊल टाकणारे पुरुष दोनच, मामा आणि सर.

मी न बोलता ब्लीच काढलं. मुलींनी हूड घासला, पिपेट घासले. उघडलेलं किट टाकून द्यायचं ठरलं, आणि त्याची किंमत आठवून आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. मामा दारात हाताची घडी घालून बघत होते.

“म्या हात लावलेला न्हाई,” ते म्हणाले. “पायजे तर तपासा.”

तपासलं. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या सगळ्यांची प्रोफाइलं अशाच वेळेसाठी काढून ठेवायची असतात. मामांचं कपाटात छापील होतं. पहिल्याच जागेवर जुळेना, दुसऱ्यावरही नाही. मामा निर्दोष. त्यांनी मान अशी हलवली, की मला त्यानंतर दोन दिवस चहात साखर कमी मिळाली.

उरले सर. सरांचं प्रोफाइल फाइलमध्ये नव्हतं, कारण त्यांना ‘वेळ झाला नव्हता’. ‘सर, आपल्या गालाच्या आतल्या बाजूचा नमुना हवा होता’ हा निरोप व्हॉट्सॲपवर मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. तासिका तत्त्वावरच्या बाईने विभागप्रमुखांच्या तोंडात कापूस कसा घालावा याचे संकेत कुठे लिहिलेले नाहीत.

पाचव्यांदा लिहिताना मला दुसरं एक काम आठवलं. पाणी नावाच्या मुलाचा नमुना कोरा आला होता. सगळ्या नमुन्यांत तेवढा एकच फसलेला. हॉस्टेलची मुलं स्वेच्छेने नमुने देऊन गेली होती, त्यात ओडिशाची दोघं-तिघं आहेत, आणि पाणी हे तिकडचं आडनाव. मी त्या मुलीला लिहिलं, ‘पाणीला पुन्हा बोलाव, त्याचा डीएनए आलाच नाही.’

उत्तर आलं, ‘कोण पाणी, मॅडम?’

मग पुढचा निरोप: ‘ते पाणी आहे. पाणी पाणी. निगेटिव्ह कंट्रोल.’ आणि शेजारी मराठी भाषा दिनाचा तो हात जोडलेला इमोजी.

मी धावत यादीकडे गेले. ओसायरिस शिडीप्रमाणेच निगेटिव्ह कंट्रोलही नावावरून ओळखतो. आमच्या सेटिंगमध्ये त्याची खूण होती एन-ई-जी. आणि यादीत नवव्या ओळीवर डेहराडूनहून आलेला, प्रकृतीने दणकट, नमुना देताना खुशाल हसत असलेला एन-ई-जी-आय. नेगी.

एका अक्षराने माणूस शून्यात जमा झाला होता आणि पाण्याची आम्ही चौकशी करत होतो. सॉफ्टवेअर बिचारं आपलं काम चोख करत होतं. नळीत माणूस नसायला हवा असं तुम्ही सांगता आणि नळीत सहा फुटी पहाडी माणूस बसलाय, तर ते ओरडणारच. नमुन्याला नाव द्यायचं नाही, नंबर द्यायचा, हे दरवर्षी पहिल्या तासाला मीच शिकवते. त्या तासाचे पैसेही घेते. या सगळ्यात नावानिशी नीट बसला होता तो एकटा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेला नमुना, ९९४७ए. हा कुणा बाईचा डीएनए जगभर नळ्यांतून विकला जातो. तिच्या नळीवर कंपनीने आधीच नाव छापलेलं असतं, म्हणून ती आमच्या तावडीतून सुटली.

नावं काढून नंबर घातले. बटण दाबलं. नेगीच्या टीएच-०१ वर एक शिखर सहावर आणि दुसरं दहाच्या किंचित अलीकडे उभं होतं. खाली छोट्या चौकटीत आकडा: ९.३. मी खुर्ची मागे सारून जरा वेळ नुसती बघत बसले. १९८४ च्या १० सप्टेंबरला इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक ॲलेक जेफ्रीज यांनी अंधारखोलीतून पहिली फिल्म बाहेर काढली तेव्हा त्यांना काहीतरी मोठं हाती लागलंय हे कळायला मिनिटंच लागली होती म्हणतात. मला चार दिवस लागले, पण मला आधी पासवर्ड शोधायचा होता. घरी फोन करून आईला सांगितलं, “डुरंग सापडला.” ती म्हणाली, “पांडुरंग पांडुरंग.”

सर आले, पडदा पाहिला, “चांगलं आहे की, आणि फुकट!” म्हणाले आणि गेले. त्यांच्यापाठोपाठ भाऊसाहेबांची चिठ्ठी आली. नवीन सॉफ्टवेअरची डेडस्टॉकला नोंद झालेली नाही, ऑडिट जवळ आलं आहे, तरी तातडीने करावी.

मामांनी रजिस्टर उघडलं. ‘विवरण’मध्ये मी सांगितलं, ओसायरिस. ‘नग’मध्ये एक. ‘किंमत’मध्ये शून्य लिहून त्यांनी त्यापुढे सवयीने ‘फक्त’ लिहिलं. ‘पुरवठादार’ या रकान्यावर त्यांचा पेन अडला.

“अमेरिकन सरकार,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तसंच लिहिलं. मग टेबलाखालून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा काढला, टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवला, झटकला आणि कॉम्प्युटरला डावीकडून, उजवीकडून, मागून वाकून बघितलं.

“बोला मॅडम,” ते म्हणाले. “नंबर कुठं टाकू?”