पोविस कॅसल क्लाइव्हने बांधला? तारखा तर बघा!

“प्लासीच्या लुटीतून रॉबर्ट क्लाइव्हने वेल्समध्ये बांधलेला लाल महाल. दगडसुद्धा भारतातून नेलेला. टिपू सुलतानाचं सिंहासन आजही तिथेच आहे.” पोविस कॅसलबद्दलचा हा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर आतापर्यंत तीनदा येऊन गेला. खाली फोटो आणि लाल रागाचे चेहरे.

आधी तो फोटोच बघा. गोल बुरुज, त्यांवर उलट्या द्रोणासारखी टोकदार छपरं. हा कार्डिफजवळचा कास्तेल कोख. वास्तुकार विल्यम बर्जेसने १८७५ नंतर एका धनाढ्य उमरावासाठी तो जुन्या अवशेषांवर उभा केला. पोविस तिथून बराच उत्तरेला, इंग्लंडच्या सीमेलगत वेल्शपूलपाशी आहे आणि त्याच्या बुरुजांवर असली छपरं नाहीत. घोटाळा नावाने केला असावा. वेल्श भाषेत ‘कास्तेल कोख’ म्हणजे लाल किल्ला, आणि पोविसचंही जुनं नाव तेच.

आता दगड. पोविसची तटबंदी तेराव्या शतकातली, ग्रिफिड आप ग्वेनविनविन या वेल्श राजपुत्राच्या काळातली. तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते. दगड भारतातून न्यायला तिकडून इकडे यायचा सागरी मार्ग तरी कुणाला ठाऊक होता?

क्लाइव्हने बांधला म्हणावं, तर आतलं काय काय त्याच्या आधीचं आहे? १५८७ मध्ये सर एडवर्ड हर्बर्टने हा वाडा घेतला आणि इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन, करवून घेतली. तिथल्या भिंतींवरचं लाकडी तावदानकाम जवळ जाऊन पाहिलं की कळतं, ते नुसतं रंगवलेलं आहे. उठाव दिसतो तो ब्रशच्या सावल्यांचा. राजशयनगृह सतराव्या शतकातलं. पलंगासमोर कठडा, म्हणजे राजा झोपला असतानाही दरबाऱ्यांनी कुठपर्यंत यायचं ते ठरलेलं! मोठ्या जिन्यावरची चित्रं लान्सक्रून या चित्रकाराची, १७०५ सालची. उतारावरच्या इटालियन धाटणीच्या बागाही प्लासीच्या कितीतरी आधीच्या. प्लासी झाली १७५७ मध्ये.

क्लाइव्ह स्वतः १७७४ मध्ये वारला. त्याचा मुलगा एडवर्ड याने पोविसच्या हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं ते १७८४ मध्ये. म्हणजे सासर जुळायच्या दहा वर्षं आधीच सासरा गेलेला. बॉलरूमचा भागसुद्धा या लग्नाआधीच, १७७० च्या दशकात टी. एफ. प्रिचर्डने करून दिला होता. आयर्नब्रिजच्या लोखंडी पुलाचा आराखडा करणारा तो हाच.

मग लुटीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि घट्ट आहे. हर्बर्ट कर्जात होते, क्लाइव्हांकडे पैसा होता. हेन्रिएटाचा भाऊ १८०१ मध्ये अविवाहित वारला आणि मालमत्ता तिच्या मुलाकडे आली. या मालमत्तेसाठी त्या मुलाने क्लाइव्ह आडनाव सोडून हर्बर्ट लावलं. पुढे १८१५ च्या सुमारास वास्तुकार रॉबर्ट स्मर्कने केलेली डागडुजी याच पैशातली. त्या पैशात आपल्या विजयदुर्गाचाही वाटा धरायला हवा: १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला पडला तेव्हा जमिनीवरच्या फौजेचा सरदार क्लाइव्ह होता, आणि किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, पेशव्यांना कोरडं ठेवून. चीड यायचीच तर इथे यावी. खोट्या फोटोवर चीड आली, तर तिकडचा कुणीही दोन तारखा दाखवून आपल्याला गप्प करतो.

राहिलं सिंहासन. ते अख्खं आज कुठेच नाही, श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये विजेत्यांनीच ते फोडलं. त्याचं मोठं वाघाचं डोकं ब्रिटिश राजघराण्याच्या विंडसर कॅसलला गेलं. पोविसला आहे ते सिंहासनाच्या कठड्यावरचं छोटं, सोन्याचं, रत्नं जडवलेलं व्याघ्रमुख. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता, त्यामुळे वस्तू घरात कशा आल्या हे वेगळं सांगायला नको. त्यांतच टिपूचा छिटाचा तंबूही आहे, आतून फुलापानांनी भरलेला. क्लाइव्ह मंडळींनी तो पोविसच्या हिरवळीवर मेजवान्यांचा मांडव म्हणून वापरला.