जालन्याच्या काकांना: विमानात ट्रॅक्टरची वायरिंग का चालत नाही

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "ट्रॅक्टर-जीपच्या वायरिंगमध्ये माझा जन्म गेला. ढेकळांतल्या धक्क्यांत माझं सोल्डर टिकतं, तर तुझ्या दोन सीटच्या विमानात कामून टिकणार नाही? महागडी वायर आणि वायरच्या टोकावर पिन दाबून बसवायचं क्रिंपिंगचं टूल म्हणजे उधळपट्टी. अर्थची वायर बॉडीला दिली की भागलं." यातलं काही मला पटतं, काही अजिबात नाही.

सोल्डरचा जोड करंट उत्तम नेतो. त्रास होतो तो जोडाच्या पुढे. वितळलेलं सोल्डर तारेच्या बारीक काड्यांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे कडक भाग संपून लवचीक भाग सुरू होतो. इंजिनची सगळी थरथर त्याच जागी येते आणि काड्या एकेक करून तुटतात. तुमचे जोड टिकले, कारण तुम्ही वायर जोडाच्या पुढेही पक्की बांधता. ती शिस्त विमानातही हवीच. पण रेडिओमागच्या कनेक्टरमधल्या दाटीवाटीच्या पिनांना तसा आधार प्रत्येकीला देता येत नाही. योग्य मापाच्या टूलने केलेला क्रिंप आधी नमुन्यावर ओढून तपासता येतो: २२ गेजच्या वायरला साधारण ७ किलोचा ओढ सोसला पाहिजे. गाड्यांचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगेही, कारखान्यात क्रिंप करूनच बनतात, काका.

आता वायर. साध्या पीव्हीसीचं आवरण ८० ते १०५ अंशांपर्यंतचं असतं, विमानाच्या वायरवरच्या टेफ्झेल नावाच्या प्लास्टिकचं १५० पर्यंतचं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२ वर जातो. पण मला खरी धास्ती धुराची आहे. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, डोळे आणि घसा धरतो. ट्रॅक्टरवरून तुम्ही उडी मारून बॅटरीची थिंबल काढाल. ३,००० फुटांवर, बंद कॅनॉपीखाली (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाखाली), धावपट्टी काही मिनिटं लांब असताना काय कराल? टेफ्झेल अति तापलं तर त्याचाही धूर विषारीच, पण ते सहजी पेट घेत नाही.

म्हणून महाग वायर घेतली की झालं, असंही नाही. २ सप्टेंबर १९९८ला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. कॉकपिटजवळ छताच्या वर वायरमधून ठिणगी उडाली आणि बहुधा तिनेच शेजारचं इन्सुलेशनचं आच्छादन पेटलं. ठिणगी उडालेल्या एका वायरवर टेफ्झेलच्याच जातीचं आवरण होतं. अशा ठिणगीला सर्किट ब्रेकर ट्रिप होईलच असं नसतं. म्हणूनच पत्र्याच्या प्रत्येक भोकात मी ग्रोमेट, म्हणजे कडेला वायर घासू न देणारी रबरी कडी, बसवतो आणि हार्नेस रबर लावलेल्या क्लॅम्पमध्ये धरतो. वायर कुठे घासते ते शोधण्यात वेळ जातो, जाऊ दे.

बॉडी अर्थबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, जोड कालांतराने कच्चा होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अल्टरनेटर, रेडिओ आणि हेडसेटचे जॅक तीन वेगळ्या ठिकाणी अर्थ केले, तर त्या तीन जागांमधला किंचितसा व्होल्टेजचा फरकही हेडसेटमध्ये शिट्टीसारखा ऐकू येतो. थ्रॉटल उघडला की शिट्टी चढते. चिकलठाणा विमानतळाच्या टॉवरची सूचना त्या आवाजात अर्धीच ऐकू आली तर? म्हणून सगळ्या अर्थ फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यावर) एकाच जागी आणायच्या, हेडसेटचे जॅक पॅनेलपासून फायबर वॉशरने वेगळे ठेवायचे आणि माइकच्या वायरची शील्ड (तिच्याभोवतीची धातूची जाळी) एकाच टोकाला जोडायची.

फ्यूज किती अँपिअरचा, असंही तुम्ही विचारलंत. रेडिओ किती करंट घेतो त्यावरून आधी वायर ठरवा आणि वायरवरून फ्यूज, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो. २२ गेजला ५ अँपिअर. वारंवार उडतो म्हणून १०चा घालायचा नाही, उडण्याचं कारण शोधायचं.